अकरा नावं ठरतात तिथंच सामना जातो का? (परदेश दौरे आणि संघनिवड)

मंगळवार_पेठी

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच.

काल रात्री मिरजकर तिकटीजवळ आमच्या कट्ट्यावर पुन्हा तोच वाद पेटला. एक मित्र म्हणाला, "बाहेर गेलं की चेंडू हलतोय आणि आपल्यांचं पाय हलत न्हाईत, संपला विषय." मी म्हटलं, संपला नाही, इथून सुरू होतो. फलंदाज चुकतात हे मान्य. पण कसोटी जिंकायची तर वीस बळी घ्यावे लागतात, आणि ते घेणारा माणूस आपण बाकावर बसवतो.

2025 चा इंग्लंड दौरा आठवा. पाच कसोटी झाल्या, फिरकीपटू कुलदीप यादव पाचही वेळा बाहेर. लीड्सला आपली पाच शतकं झाली, तरी इंग्लंडनं शेवटच्या डावात 371 धावा पाच गडी राखून गाठल्या. त्या दिवशी दुपारनंतर मी दुकानात बसून बघत होतो. जडेजाशिवाय फिरकीला दुसरं कोणीच नव्हतं आणि चेंडू जुना झाला तसं आपल्याकडचं सगळं संपत गेलं.

त्याआधी 2021 चा दौरा. फिरकीपटू अश्विन इंग्लंडविरुद्ध एकही कसोटी खेळला नाही. 2023 ला ओव्हलवर जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत, अश्विन तेव्हा कसोटीतला पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज, तरी बाहेर. ऑस्ट्रेलियानं 209 धावांनी हरवलं. दरवेळी कानावर येतं तेच, परिस्थिती बघून निर्णय घेतला, आठव्या नंबरपर्यंत फलंदाजी पाहिजे.

माझं स्पष्ट मत: बाहेर गेल्यावर आपण हरायच्या भीतीनं संघ निवडतो. जिंकायच्या हिशोबानं निवडत नाही. तुम्हाला काय वाटतं? एकच विनंती, कोणाच्या नावानं शिमगा नको. मुद्द्यावर बोलूया.

लेगकटर

+१. कुलदीपबद्दल तर शंभर वेळा +१. चट्टोग्राम, डिसेंबर 2022. सामन्यात आठ बळी, सामनावीर, आणि पुढच्याच कसोटीला बाहेर!

परदेशी_पाव्हणा

मूळचा इचलकरंजीचा, गेली नऊ वर्षं लेस्टरला. शनिवारी इथल्या एका क्लबाकडून लीग खेळतो म्हणून चार शब्द जास्त लिहितो.

मंगळवार_पेठी, कुलदीपचा मुद्दा ऐकायला गोड लागतो, पण 2018 ची लॉर्ड्स कसोटी विसरू नका. पहिला दिवस पावसात गेला, हवा ओली, आकाश भरलेलं. आपण वेगवान गोलंदाज उमेशला बसवून कुलदीपला घेतलं. त्याला एकही बळी मिळाला नाही आणि आपण डावानं हरलो. म्हणजे फिरकीपटू घेतला की झालं, असंही नाही.

खरी गोष्ट चेंडूत आहे. इथला ड्यूक्स चेंडू पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, ही वेगळीच वस्तू आहे. रंग गडद, वर लाखेसारखा तुळतुळीत थर, शिवण हातानं घातलेली आणि बोटाला टोचेल इतकी उभी. आपल्याकडच्या एसजी चेंडूची शिवणही उभीच असते, पण कोरड्या, खरबरीत मैदानावर त्याची चमक लवकर जाते. इथं गवत ओलं, चेंडू घासलाच जात नाही. चाळीस-पन्नास षटकं झाली तरी हलतोय. एप्रिलमध्ये तीन स्वेटर घालून स्लिपला उभा राहतो तेव्हा बोटं बधिर झालेली असतात, झेल लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. माझ्यासारखा हौशी खेळाडू पहिल्या दोन हंगामांत पुढं झुकून ड्राइव्ह मारायला जायचा आणि यष्टीमागं झेल देऊन परत यायचा. तिसऱ्या हंगामात एका पंजाबी मित्रानं शिकवलं, चेंडू डोळ्यांखाली येऊ दे, मग खेळ. तेव्हा कुठं वीस-पंचवीस धावा व्हायला लागल्या.

आता सांगा, आपली पोरं वर्षातले दोन महिने आयपीएलमध्ये पाय बाजूला काढून मारायला शिकतात आणि मग जूनमध्ये इथं उतरतात. दोष निवडीचा किती आणि तयारीचा किती?

तालमीतला

पाव्हणं, लई भारी लिवलंय. ह्ये आमच्या कुस्तीसारखंच हाय बघा. लाल मातीत पाय रुततोय, घाम आला की माती लावायची आणि पकड घ्यायची. तोच गडी मॅटवर गेला की पायाखाली काय धरायलाच न्हाई. पट काढायला जातोय आणि सरकतोय. आमच्या तालमीतली चांगली चांगली पोरं राष्ट्रीयला मॅटवर जाऊन पहिल्याच फेरीत परत आल्याली म्या बघितल्यात.

खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे. 1948 ला लंडनला मॅटवर खेळले, सहावे आले. चार वर्षं त्याच मॅटचा ध्यास घेतला आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक. आणि निवडीचं म्हणशीला तर तिथंबी त्येंना आधी डावललंच हुतं. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली, जिंकून दाखवली, मग नाव लागलं. जायला पैसं न्हवतं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी सवताचं घर गहाण ठेवून सात हजार दिलं. म्हणजे निवड आणि तयारी, दोन्हीबी लढायाच हायत भावा.

सायली_राजारामपुरी

मूळ लेखाशी पूर्ण असहमत, म्हणून सविस्तर लिहिते.

आठव्या नंबरपर्यंत फलंदाजी पाहिजे हा विचार भित्रा आहे असं म्हणणं सोपं आहे. पण ब्रिस्बेन, जानेवारी 2021 आठवा. पहिल्या डावात 186 ला 6. वॉशिंग्टन सुंदर आणि शार्दुल ठाकूर यांनी 123 जोडल्या. ती भागीदारी नसती तर पंतच्या नाबाद 89 ची वेळच आली नसती. ते सातवे आणि आठवे होते ना?

आणि आपण मुळात हरतो कशामुळं? अ‍ॅडलेड, डिसेंबर 2020, सगळे मिळून 36. लॉर्ड्स, 1974, सगळे मिळून 42. लीड्स, 1952, दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद. 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बुमराहनं एकट्यानं 32 बळी घेतले, सरासरी 13 च्या आसपास, तरी मालिका 3-1 नं गेली. रोहितच्या तीन कसोटींत मिळून 31 धावा. कोहलीनं पर्थला शतक ठोकलं आणि अख्ख्या मालिकेत 190. गोलंदाजांनी आणखी काय करायचं?

2018-19 ला ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा मालिका जिंकलो ती पुजाराच्या जिवावर. तीन शतकं, 521 धावा, 1258 चेंडू. त्याच पुजाराला त्याआधी काही महिने एजबॅस्टनला बाहेर बसवलं होतं, आणि तिथं आपण 31 धावांनी हरलो. निवड चुकते हे मला मान्य आहे. पण चूक गोलंदाजांच्या निवडीत कमी आणि टिकून खेळणाऱ्या फलंदाजाची किंमत न ओळखण्यात जास्त आहे.

डावखुरा_९९

सायलीताईंशी सहमत. करुण नायरचं उदाहरण घ्या. चेन्नईला नाबाद 303, आणि पुढच्याच कसोटीत संघाबाहेर. 2018 ला इंग्लंडला नेला, सगळा दौरा पाणी द्यायला ठेवला, शेवटच्या कसोटीला मधूनच आलेल्या विहारीला खेळवलं. शेवटच्या कसोटीनंतर आठ वर्षांनी 2025 ला परत घेतला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा! चार कसोटींत 205 धावा केल्या आणि पुन्हा बाहेर. ऐन उमेदीची वर्षं कोण परत देणार त्याला?

पंचगंगा_घाट

आपल्या महाराष्ट्राचा ऋतुराज पण आहेच की रांगेत. 2023 ला दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी संघात नाव आलं, तर बोट दुखावलं.

जुना_यष्टिरक्षक

तुम्ही मंडळी फार पोटतिडकीनं लिहिताय, वाचून बरं वाटलं. माझं वय आता बहात्तर.

1971 साली आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता. वाडेकरांचा संघ आधी वेस्ट इंडीजला जिंकला, तिथं गावसकरांनी चार कसोटींत 774 धावा केल्या. मग ऑगस्टात ओव्हल. चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 बळी घेतले त्या संध्याकाळी वाड्यातल्या बायकासुद्धा स्वयंपाक टाकून रेडिओपाशी आल्या होत्या. आणि लक्षात घ्या, चंद्रशेखर फलंदाजीत शून्याचे धनी. त्यांना काय फलंदाजी वाढवायला घेतलं होतं? बेदी, वेंकटराघवन, चंद्रा, तिघे फिरकीवाले इंग्लंडमध्ये एकत्र खेळले.

तीन वर्षांनी त्याच वाडेकरांचा संघ 3-0 नं हरला आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथंच संपली. पश्चिम विभागाच्या संघातूनसुद्धा वगळलं. कौतुक आणि हेटाळणी, दोन्हींत आपला हात सैल.

आता कोल्हापूरचा धागा आहे आणि निवडीवर बोलणं चाललंय, तरी भाऊसाहेब निंबाळकरांचं नाव कोणीच घेतलं नाही याचं वाईट वाटलं. आपल्या कोल्हापुरात जन्मले, 2012 ला इथंच गेले. डिसेंबर 1948, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद 443. ब्रॅडमनचा विक्रम 452 चा. आणखी दहा धावा झाल्या असत्या तर जगात पहिलं नाव आपल्या माणसाचं लागलं असतं. पण विश्रांतीच्या वेळी समोरचा कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून संघ घेऊन निघून गेले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये चारशेच्या वर गेलेला तो आजही एकमेव भारतीय. कारकिर्दीत सरासरी 48 च्या जवळ. आणि कसोटी किती खेळले? एकही नाही.

त्यांना इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला नेलं असतं तर काय केलं असतं हे कोणालाच कळणार नाही. 1952 ला लीड्सला चार बाद शून्य झाले तेव्हा असा माणूस घरी होता, एवढंच मी म्हणेन.

लेगकटर

काका, अंगावर काटा आला. 443 माहीत होतं, पण एकही कसोटी नाही हे आज कळलं.

रंकाळा_सांज

माझ्या मुलाचं सांगते. तेरा वर्षांचा आहे. मागच्या वर्षी एका निवड चाचणीला गेलो. पहाटे साडेपाचला उठून डबा केला, बस धरली. तिथं दीडशे-पावणेदोनशे पोरं. दुपारी दोनला याचा नंबर आला. सहा चेंडू मिळाले, मी मोजले. पहिला उसळला, यानं सोडला. दुसरा बाहेरून जात होता, तोही सोडला. तिसरा समोर अडवला. मागून एक जण ओरडले, "अरे मार की, सोडतोस काय!" चौथा घाईनं मारायला गेला आणि झेल उडाला. पुढचे दोन चेंडू त्यानं नुसते अडवले, हात थरथरत होते. बाद झाला म्हणून यादीत नाव नाही, याचं मला दुःख नाही. पण जे दोन चेंडू त्यानं उत्तम सोडले त्याची वहीत नोंदच झाली नाही. परत येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसला होता, डबा तसाच परत आणला.

सायलीताई म्हणतात तसा टिकून खेळणारा फलंदाज वरती कुठून मिळणार? खाली तेराव्या वर्षीच त्याला सांगतोय, सोडू नकोस.

सायली_राजारामपुरी

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्याला सांगा, त्या दोन चेंडूंवर माझ्यातर्फे शाबासकी. ब्रिस्बेनच्या त्याच सामन्यात, गॅबा मैदानावर, शेवटच्या दिवशी पुजारानं 211 चेंडूंत 56 केल्या. अंगावर, बोटांवर, हेल्मेटवर चेंडू घेतले, पण जागा सोडली नाही. ते डाव त्याला दाखवा.

तालमीतला

पोराला घिऊन या तालमीकडं, दूध-बदाम पाजतो. कुस्ती न्हाई खेळला तरी चालंल!

गांधी_मैदान_ब्लास्टर

कोल्हापूर फुटबॉलचं गाव. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की सगळं शाहू स्टेडियमवर, आणि तुम्ही इथं कुलदीपसाठी भांडताय. 😄 बरं, मुद्द्याचं. गुवाहाटीला दक्षिण आफ्रिकेनं 408 धावांनी हरवलं, त्याआधी कोलकात्यात 124 चा पाठलाग करताना आपण 93 ला गारद. न्यूझीलंडनं 2024 ला घरात येऊन 3-0 केलं, बंगळुरूला आपले 46. म्हणजे आता घरातसुद्धा तेच. मग परदेश परदेश काय करताय?

पंचगंगा_घाट

ब्लास्टर भावा, यात दम आहे. कोलकात्यात चार फिरकीपटू घेतले, सुंदरला तिसऱ्या नंबरवर पाठवलं. आणि सामना फिरवला कोणी, तर त्यांच्या फिरकीपटू हार्मरनं, आठ बळी घेऊन.

परदेशी_पाव्हणा

पण यातून माझाच मुद्दा पुढं जातो. तंत्र सुटलं की घर काय आणि बाहेर काय. पूर्वी दौऱ्यावर संघ आधी कौंटी संघांशी सामने खेळत खेळत कसोटीला पोचायचा. 2024 ला पर्थच्या आधी आपण आपापसांतच खेळलो. तिथली उसळी कळेपर्यंत मालिका निम्मी होते. वेंगसरकरांची लॉर्ड्सवर 1979, 1982 आणि 1986 अशी लागोपाठ तीन शतकं आहेत. ती तंत्राशिवाय होतात का?

डावखुरा_९९

अवांतर: निवडीवरून आठवलं. नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा शिवाजी चौकात आम्ही रात्री दीडपर्यंत होतो. शफाली मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली, अंतिम सामन्यात 87 आणि दोन बळी. जेमिमाला साखळीत इंग्लंडविरुद्ध बसवलं, एक गोलंदाज वाढवायला! परत आली आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127. मंगळवार_पेठी, तुमच्या 'गोलंदाज वाढवा'ला हे उत्तर देता येईल का?

सायली_राजारामपुरी

हे मी लिहायला हवं होतं. 🙏

मंगळवार_पेठी

दोन दिवस दुकानात गर्दी होती म्हणून उशीर झाला. सगळं वाचलं. जेमिमाचं उदाहरण मान्य, तिथं गोलंदाज वाढवायचा निर्णय चुकला होता. लॉर्ड्स 2018 पण मान्य. गोलंदाज जास्त घेतले की जिंकलो, असं मी लिहिलं असेल तर ते चूक.

पण सायलीताई, ब्रिस्बेनवरून मी मागं हटत नाही. काल रात्री जुना धावफलक काढून बसलो. सुंदर आणि शार्दुल तिथं फलंदाजी वाढवायला खेळले नव्हते. बुमराह, अश्विन, जडेजा सगळे जखमी होते, गोलंदाजच उरले नव्हते म्हणून दोघांना घेतलं. पहिल्या डावात सुंदरनं तीन बळी घेतले, शार्दुलनं तीन. दुसऱ्या डावात शार्दुलचे आणखी चार, सिराजचे पाच. वीसच्या वीस बळी घेतले. 123 ची भागीदारी त्या वीस बळींच्या वरची कमाई. ज्याच्याकडून बळी हवेत असा माणूस घेतला आणि तो धावाही करून गेला, ही एक गोष्ट. धावा करील म्हणून घेतलेल्या माणसाच्या हातात चेंडू देऊन 371 वाचवायला सांगणं ही दुसरी. मी भांडतोय ते या दुसरीशी.

आणि ओव्हल 2025 सुद्धा तेच सांगतं. सहा धावांनी जिंकलो तेव्हा सिराजनं डावात पाच बळी घेतले होते. पाचही कसोटी खेळलेला गोलंदाज, शेवटच्या सकाळी अजून धावत येतोय.

रंकाळा_सांज ताई, तुमच्या प्रतिसादानंतर मात्र मी माझा मूळ प्रश्न बदलायला तयार आहे. भीती कसोटीच्या बैठकीत जन्मत नाही, ती चाचणीच्या त्या सहा चेंडूंपासून येते. मुलगा सोडतोय तर सोडू द्यायचं धाडस तिथं कोणात नाही.

सायली_राजारामपुरी

शार्दुलचे सात बळी मी विसरले होते. ब्रिस्बेनपुरतं तुमचं बरोबर. 36 आणि 42 चं उत्तर अजून तुम्ही दिलेलं नाही, तेवढं बाकी ठेवते.

रंकाळा_सांज

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद मुलाला वाचून दाखवले. भाऊसाहेबांचं वाचून म्हणाला, "आई, ते सामना सोडून का गेले?" मला उत्तर देता आलं नाही.

परदेशी_पाव्हणा

ताई, पुढच्या महिन्यात घरी येतोय. बॅगेत एक ड्यूक्स घेऊन येतो. सकाळी लवकर, दव असताना, त्याला अर्धा तास फक्त सोडायला लावू. मी टाकतो. मारलास तर बाद, असा नियम.

तालमीतला

म्याबी येतो, चेंडू आणून द्यायला.

जुना_यष्टिरक्षक

शास्त्रीनगर मैदानावर या, मी सहाला येऊन थांबतो. आमचं सगळं क्रिकेट काथ्याच्या मॅटवर झालं. सकाळी मॅट अंथरायची, कडेनं लोखंडी खिळे ठोकून ताणायची, संध्याकाळी गुंडाळून खांद्यावर न्यायची. त्यावर चेंडू असा उसळायचा की छातीपुढं ग्लोव्हज धरून उभं राहावं लागे. यष्टीमागं किती झेल घेतले ते मोजलं नाही, पण त्या इंग्रजी चेंडूला कधी हात लागला नाही.

पाव्हणं, दोन आणता आले तर बघा. एक पोरासाठी, आणि एक मी घेतो.